स्वस्त आमिष, नेमकं आमिष: रॅकूनच्या पिंजऱ्याबद्दल अनुभवाचे बोल

ओहायोत घरामागे मका लावला आणि कोंबड्या पाळल्या, की रॅकूनशी गाठ पडतेच. डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटीवर वलयं, वजन साधारण 4 ते 9 किलो. हा प्राणी रात्री फिरतो आणि मिळेल ते खातो. पुढच्या पायांना माणसाच्या हातासारखी पाच लांब बोटं असतात आणि त्या बोटांनी तो साधी कडी सहज उघडतो. कणसांत दूध भरलं की ताटं आडवी करतो, एकेक कणीस अर्धवट कुरतडून टाकतो. खुराड्यात शिरला तर नुकसान त्याहून मोठं. कुंपण आणि कडीकोयंडे करूनही एखादा रॅकून हटत नाही, तेव्हा पिंजरा लावावा लागतो. मग पहिला प्रश्न येतो: आत काय ठेवायचं?

दुकानात रॅकूनसाठी तयार आमिषाच्या बाटल्या मिळतात. मला त्यांची गरज कधी भासली नाही, कारण स्वयंपाकघरात आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात लागेल ते सगळं मिळतं. पण स्वस्त आमिष शोधता शोधता एक महत्त्वाची गोष्ट कळली. रॅकूनला बोलावणं अवघड नाही. त्याच्याबरोबर दुसरं कुणी येऊ नये, हे साधणं अवघड आहे. पुढचे सगळे बोल त्यातूनच आलेले आहेत.

1. कोण यायला नको, ते आधी ठरवा.

सार्डिनचा डबा, ट्यूना, मांजराचं ओलं खाणं यांचा वास लांबवर जातो आणि रॅकून धावत येतो. पण त्याच वासाने शेजाऱ्यांची मांजरं येतात, पोटाला पिशवी असलेला ओपोसम येतो आणि दुर्गंधी फवारणारा स्कंकही येतो. स्कंक पिंजऱ्यात अडकला, तर पिंजऱ्यावर चादर टाकून, अगदी सावकाश, एक शब्दही न बोलता त्याला सोडावं लागतं. त्याने बिथरून फवारा मारला, की अंगणात कितीतरी दिवस उभं राहवत नाही. म्हणून आमिष निवडण्याआधी संध्याकाळी अंगणात एक चक्कर मारा. मांजरं कोणत्या वाटेने फिरतात, स्कंकने गवतात किडे शोधताना उकरलेले छोटे खळगे कुठे आहेत, हे पाहून घ्या. आसपास मांजरं असतील तर मासळी नको. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, त्यामुळे गोड आमिष ठेवलं की मांजराचा प्रश्न बराचसा सुटतो. ओपोसम मात्र गोडालाही येतो. तो आला तर सकाळी दार उघडून द्यायचं.

2. मार्शमेलोला तोड नाही.

साधे पांढरे मार्शमेलो दोनेक डॉलरला पिशवीभर मिळतात आणि ती पिशवी सगळा हंगाम पुरते. ते सडत नाहीत, गळत नाहीत आणि अंधारात पांढरे उठून दिसतात. रॅकूनला गोड आवडतं, मांजराला त्यात रस नसतो. आमच्या राज्याच्या पूर्व भागात 1997 पासून रॅकूनला रेबीजची लस तोंडावाटे दिली जाते. त्यासाठी लस भरलेली आमिषं विमानांतून आणि हेलिकॉप्टरमधून टाकतात. त्यातल्या एका प्रकारावर मासळीच्या कुटाचा थर असतो. दुसऱ्या प्रकारावर साखर, वनस्पती तेल आणि मार्शमेलोचा स्वाद असलेला थर असतो. वन्यजीव खात्यातल्या जाणकारांनीही शेवटी मासळी आणि मार्शमेलो या दोनच दिशांना जावं, हे वाचलं तेव्हा माझा या स्वस्त आमिषावरचा विश्वास पक्का झाला.

3. चव मार्शमेलोची, वास स्वयंपाकघरातला.

मार्शमेलो जवळून मोहात पाडतो, पण लांबून बोलावत नाही. ते काम वासाचं. व्हॅनिलाचे दोन-चार थेंब पुरतात. अ‍ॅनिसच्या अर्काचा वास आपल्या बडीशेपेच्या जवळचा असतो आणि इथले जुने शिकारी रॅकूनसाठी तोच वापरतात. जॅमच्या बरणीच्या तळाशी उरलेलं, वाटीच्या कडेला चिकटलेला मध, थोडी काकवी, यांतलं काहीही चालतं. माझं नेहमीचं मिश्रण असं: शिळ्या पावाचा तुकडा, त्यावर चमचाभर शेंगदाण्याचं लोणी, चमचाभर काकवी किंवा पाण्यात विरघळवलेला गूळ आणि व्हॅनिलाचे थेंब. हे मळून लिंबाएवढा गोळा करायचा आणि त्यात दोन मार्शमेलो खोचायचे. शेंगदाण्याचं लोणी घेताना डब्यावरची यादी वाचा. काही डब्यांत झायलिटॉल नावाचा साखरेचा पर्याय असतो आणि तो कुत्र्यांना प्राणघातक ठरू शकतो. चॉकलेटही वापरू नका. शेजाऱ्याच्या कुत्र्याने पिंजऱ्यात तोंड घातलं तर आपल्या आमिषामुळे त्याच्या जिवाला धोका होता कामा नये.

4. शेतात फुकट मिळतं ते पिंजऱ्यात ठेवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये मका तयार होतो तेव्हा पुष्कळ लोक पिंजऱ्यात कणीसच ठेवतात. पण बाजूला ओळीच्या ओळी उभ्या असताना रॅकून लोखंडी पेटीत कशाला शिरेल? मक्याच्या दिवसांत मार्शमेलो, काकवी, शेंगदाण्याचं लोणी असं शेतात न मिळणारं काहीतरी ठेवा. मका संपल्यावर मात्र उरलेलं एक कणीस छान काम देतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे इतर खाणं बंद करणं. कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट हवं. मांजराची बशी रात्री बाहेर राहू नये, पक्ष्यांचे दाणे संध्याकाळी आत घ्यावेत, झाडाखाली पडलेली सफरचंदं उचलावीत. शेजारी चार ठिकाणी फुकट जेवण मिळत असेल तर जगातलं कुठलंही आमिष कमी पडतं.

5. ऋतू पाहून आमिष बदला.

उन्हाळ्यात चरबी आणि मासळी लवकर नासते, मुंग्या आणि माश्या जमतात. तेव्हा कोरडं गोड बरं. थंडी वाढली की वास हवेत नीट पसरत नाही, आणि तेव्हा तेलकट आमिष उपयोगी पडतं. बेकन तळून उरलेली चरबी किंवा सार्डिनच्या डब्यातलं तेल पावाच्या तुकड्यात मुरवून ठेवावं. पण जिथे मांजरांचा वावर नाही, तिथेच. रॅकून पूर्ण शीतनिद्रा घेत नाही, पण कडाक्याच्या थंडीत दिवसेंदिवस बिळातच राहतो. अशा रात्री आमिष वाया घालवू नये. थंडी उतरून बर्फ वितळायला लागलं, की तो भुकेला बाहेर पडतो.

6. आमिष हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा.

रॅकूनची बोटं जाळीतून आत जातात. आमिष मागच्या जाळीला लागून असेल तर तो बाहेर बसूनच ते ओढून घेतो आणि दार उघडंच राहतं. म्हणून पिंजऱ्याच्या मागच्या एक-तृतीयांश भागाला तिन्ही बाजूंनी आणि वरून अर्ध्या इंचाची बारीक जाळी बांधा. आमिष दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे, मागच्या टोकाला ठेवा, म्हणजे तिथवर पोचताना पाय पट्टीवर पडेलच. एक छोटा मार्शमेलो दाराशी, एक मधे, बाकी मागे. पिंजरा सपाट जमिनीवर भिंतीला टेकून असावा. वर एक वीट ठेवा, नाहीतर तो पिंजरा उलथून आमिष हलवून काढतो.

7. थोडं ठेवा, ताजं ठेवा, आधी सवय लावा.

पहिल्या काही रात्री दार तारेने उघडं बांधून ठेवा आणि आमिष नुसतं खाऊ द्या. आत जाणं सवयीचं झालं, की मग तार काढा. आमिष लिंबाएवढंच पुरतं. ढीग घातला तर दाराशीच पोट भरतं. पिंजरा अंधार पडताना लावा आणि उजाडताच बंद करा, कारण शेंगदाण्याच्या वासाने दिवसा खारी येतात, पाखरं येतात. रात्री उरलेलं सकाळी उचलून टाका.

8. आमिषात विष कधीही नाही.

कुणीतरी सांगतं, आमिषात अमुक घाला, तमुक ओता, म्हणजे पिंजऱ्याचीही गरज नाही. हे ऐकू नका. विष कोण खाईल हे आपल्याला ठरवता येत नाही. ते खाऊन मेलेला प्राणी घुबड खातं, कोल्हा खातो, कुत्रा खातो. त्यात कायद्याचीही बाजू आहे, पण माझ्या दृष्टीने पहिलं कारणच पुरेसं आहे.

9. पिंजरा लावण्याआधी पुढचं ठरवा.

ओहायोत पकडलेला उपद्रवी रॅकून दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही. त्याला त्याच जागी सोडावं लागतं, नाहीतर मारावं लागतं. पिंजरा रोज तपासणं बंधनकारक आहे. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, म्हणून आधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडून माहिती घ्या. लांब नेऊन सोडणं दयाळूपणाचं वाटतं, पण त्याचे परिणाम इतिहासात लिहिलेले आहेत. शिकारीसाठी दक्षिणेतल्या राज्यांतून आणलेल्या रॅकूनमुळे त्यांच्यातला रेबीज 1977 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात दिसला आणि तिथून ईशान्येकडे सगळीकडे पसरला. लशीची आमिषं टाकावी लागतात ती त्याच साथीला पुढे पश्चिमेकडे सरकू न देण्यासाठी. स्वतःला पुढचं काही करणं शक्य नसेल तर परवाना असलेल्या माणसाला बोलवा.

एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात आणि पुढचे काही आठवडे ती पूर्णपणे आईवर अवलंबून असतात. त्या दिवसांत पकडलेली मादी म्हणजे माळ्यावर किंवा धुराड्यात उपाशी मागे राहिलेली पिल्लं. वसंतात मी पिंजरा लावत नाही.

10. हातमोजे घाला, पिंजरा धुवा.

रॅकूनच्या विष्ठेत पुष्कळदा एका जंताची अंडी असतात. ती मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत इजा करू शकतात. लहान मुलं असलेल्या घरात याची फार काळजी घ्यावी लागते. पिंजरा हाताळताना हातमोजे घाला, वापर झाला की जाळीवर उकळतं पाणी ओता आणि आमिषाचा डबा घरच्या डब्यांपासून वेगळा ठेवा.

11. कुंपणाला पर्याय नाही.

एक रॅकून पकडला तरी त्याची जागा दुसरा घेतो, कारण मका तिथेच उभा असतो. आमिषावर जितकी बुद्धी खर्च केली त्याच्या दुप्पट कुंपणावर खर्च करा. मक्याभोवती जमिनीपासून 6 आणि 12 इंचांवर दोन विजेच्या तारा ओढल्या आणि खालचं गवत कापून ठेवलं, तर बहुतेक रॅकून मागे फिरतात. खुराड्याला कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी पुरत नाही, ती रॅकून फाडतो. अर्ध्या इंचाची जाड जाळी लावा आणि दोन टप्प्यांत उघडणारी कडी बसवा.

यंदा मका लावणार असाल तर कणसांत दूध भरायच्या दोन आठवडे आधी तारा ओढून ठेवा. बहुतेक घरांचं काम तिथेच भागेल. त्यानंतरही एखादा हट्टी येत राहिला, तरच मार्शमेलोची पिशवी उघडा, आणि पिंजऱ्यातल्या जिवाचं सकाळी काय करायचं हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.