चोवीस चित्रे, साठ ठोके

टीव्हीवर सिनेमा पाहताना एक गोष्ट तुमच्या कधी ध्यानात आली आहे का? कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे वळतो. समोरची डोंगररांग सरकू लागते. पण ती सलग न सरकता बारीक हिसके देत सरकते. पात्रे नुसती उभी राहून बोलत असली, की हा दोष दिसत नाही. घरातले कोणीतरी म्हणते, "नेट गेलं वाटतं!" मग राउटर बंद करून पुन्हा चालू केला जातो. हिसके मात्र तसेच राहतात.

इंटरनेटचा वेग कमी पडला, तर चित्र थांबते किंवा धूसर होते. हे हिसके तसे नसतात. ते एका ठरावीक लयीत येतात. त्या लयीतच त्यांचे कारण दडलेले आहे आणि ते शोधून काढायला साधा भागाकार पुरतो.

चित्रे किती?

सिनेमातील चित्र हलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. स्थिर चित्रे भराभर एकामागून एक दाखवली, की आपल्याला हालचालीचा भास होतो. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत. त्यामुळे चित्रांचा वेग कमीजास्त होई. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. फिल्मच्या कडेलाच आवाज मुद्रित होऊ लागला. फिल्मचा वेग बदलला, तर आवाजही बदलणार! म्हणून वेग पक्का करणे भाग पडले आणि सेकंदाला २४ चित्रे हा प्रघात रूढ झाला. तो आजही चालू आहे.

दूरचित्रवाणीची गोष्ट वेगळी. तिच्या रचनाकारांनी त्या त्या देशातील विजेच्या वारंवारतेशी मेळ घातला. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तेथे सेकंदाला सुमारे ३० चित्रे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून २५ चित्रे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, तेही याच २५ चित्रांच्या पद्धतीने. आता यात मोबाइलच्या कॅमेऱ्याची भर पडली आहे. तो बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे टिपतो.

या संख्येला आपण चित्रगती म्हणू.

पडद्याचे ठोके

आता पडद्याकडे वळू. टीव्हीचा किंवा फोनचा पडदा स्वतःवरील चित्र ठरावीक काळाने नव्याने रेखाटतो. चित्र बदललेले नसले, तर तेच पुन्हा रेखाटतो. एका सेकंदात तो हे किती वेळा करतो, त्या संख्येला रिफ्रेश रेट म्हणतात. आपण तिला पडद्याचे ठोके म्हणू. ६० हर्ट्झचा पडदा म्हणजे सेकंदाला ६० ठोके. दोन ठोक्यांमधील काळ १००० ÷ ६० = सुमारे १६.७ मिलिसेकंद.

येथे एक नियम लक्षात ठेवा. नवे चित्र केवळ ठोक्यालाच पडद्यावर येऊ शकते, मधल्या वेळी नाही. एस.टी. स्थानकावर दर अर्ध्या तासाने गाडी सुटत असेल, तर मधेच आलेल्या प्रवाशाला पुढच्या गाडीपर्यंत थांबावे लागते. चित्राचेही तसेच.

आलेख-कागदावर करून पाहा

आलेख-कागदावर १० सेंमी लांबीच्या तीन पट्ट्या एकाखाली एक काढा. ही लांबी म्हणजे सेकंदाचा बारावा भाग समजा.

पहिली पट्टी सिनेमाची. २४ ÷ १२ = २; म्हणून तिचे दोन समान भाग करा. प्रत्येक भाग ५ सेंमीचा होईल.

दुसरी पट्टी ६० हर्ट्झच्या पडद्याची. ६० ÷ १२ = ५; म्हणून पाच भाग, प्रत्येकी २ सेंमी.

तिसरी पट्टी १२० हर्ट्झच्या पडद्याची. १२० ÷ १२ = १०; म्हणून दहा भाग, प्रत्येकी १ सेंमी.

आता पहिल्या पट्टीवरील ५ सेंमीच्या खुणेपासून सरळ खाली रेघ ओढा. दुसऱ्या पट्टीत ती ४ आणि ६ सेंमीच्या मधोमध पडते. तेथे ठोका नाही! म्हणून दुसरे चित्र ६ सेंमीच्या ठोक्यापर्यंत थांबते. परिणाम असा, की पहिले चित्र ३ ठोके टिकते आणि दुसरे २ ठोके. पुन्हा ३, पुन्हा २, असे चालू राहते.

प्रत्येक चित्र खरे तर १००० ÷ २४ = सुमारे ४१.७ मिलिसेकंद दिसायला हवे. प्रत्यक्षात एक ५० मिलिसेकंद दिसते आणि पुढचे ३३.३. डोंगर मात्र प्रत्येक चित्रात सारख्याच अंतराने सरकलेला असतो. अंतर सारखे, पण वेळ कमीजास्त; म्हणून आपल्याला हिसके जाणवतात.

तिसऱ्या पट्टीत तीच रेघ नेमकी ठोक्यावर पडते. प्रत्येक चित्र बरोबर ५ ठोके टिकते आणि हिसके नाहीसे होतात. २४ने ६०ला नि:शेष भाग जात नाही, १२०ला जातो. राउटरचा यात काही दोष नव्हता!

उपाय कोठे आहे?

टीव्हीला जोडायच्या अनेक स्ट्रीमिंग उपकरणांत चित्रगतीप्रमाणे ठोके बदलण्याची सोय असते. ॲपल टीव्हीवर तिचे नाव 'मॅच फ्रेम रेट', तर फायर टीव्हीवर 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' असे आहे. ती चालू केली, की सिनेमा लागताच उपकरण टीव्हीला २४ ठोक्यांवर जाण्यास सांगते आणि २५ चित्रांची मालिका लागली, तर ५० वर. बदलाच्या वेळी पडदा क्षणभर काळा होतो. तो बिघाड नव्हे. मात्र टीव्हीला ते ठोके चालत असले पाहिजेत आणि ज्या ॲपवर आपण सिनेमा पाहतो, त्यानेही या सोयीचा उपयोग केलेला असला पाहिजे.

फोनचे काय?

फोनवर आपण सिनेमापेक्षा मजकूरच अधिक सरकवतो. समजा, मजकूर सेकंदाला १२०० बिंदू इतक्या वेगाने वर सरकत आहे. ६० ठोक्यांच्या पडद्यावर तो दर ठोक्याला २० बिंदूंची उडी घेतो, १२० ठोक्यांच्या पडद्यावर १० बिंदूंची. आपली नजर मात्र सलग सरकत असते. दोन ठोक्यांमध्ये चित्र जागीच थांबते आणि नजर पुढे जाते. त्यामुळे अक्षरे पुसट दिसतात. उडी निम्मी झाली, की पुसटपणाही निम्मा होतो.

मग ठोके सदैव १२० का ठेवू नयेत? कारण प्रत्येक ठोक्याला वीज लागते. पानावरचा धडा तुम्ही शांतपणे वाचत असताना तेच चित्र सेकंदाला १२० वेळा रेखाटणे म्हणजे बॅटरीचा अपव्यय. यावर अभियंत्यांनी तोडगा काढला. पडद्याच्या प्रत्येक बिंदूमागे विद्युतभार धरून ठेवणारे ट्रान्झिस्टर असतात. ज्यांतून भार फारच थोडा गळतो, असे ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर वापरले, तर चित्र बराच वेळ टिकते. असे पडदे असलेल्या काही फोनांत स्थिर चित्राच्या वेळी ठोके सेकंदाला १ पर्यंत उतरतात आणि बोट लागताच १२० वर चढतात.

तुमच्या फोनच्या 'डिस्प्ले' विभागात 'रिफ्रेश रेट', 'स्मूद डिस्प्ले' किंवा 'मोशन स्मूदनेस' अशा नावाने ही निवड सापडेल. प्रवासात बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरवायची असेल, तर ६० निवडा. खेळ खेळताना किंवा मजकूर भराभर चाळताना अधिक ठोके उपयोगी पडतात. 'ॲडॅप्टिव्ह' किंवा 'ऑटो' अशी सोय असेल, तर बहुतेक वेळा तीच ठेवावी. एक मात्र विसरू नका: ठोके वाढवल्याने सिनेमात नवी चित्रे येत नाहीत. चोवीस ती चोवीसच!

शिक्षकांना वर्गात हा प्रयोग सहज दाखवता येईल. एका फोनवर मजकूर सरकवा आणि सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या दुसऱ्या फोनने त्याचे संथगती चित्रण करा. ६० ठोक्यांच्या पडद्यावर मजकुराची प्रत्येक जागा सुमारे ४ चित्रांत तशीच दिसेल, १२० च्या पडद्यावर सुमारे २ चित्रांत.

स्वाध्याय

१. ९० हर्ट्झच्या पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे नीट दिसतील का? २४ दिसतील का? पट्ट्या काढून ठरवा.

२. सेकंदाला २५ चित्रांची मालिका ६० हर्ट्झच्या पडद्यावर दाखवली, तर लागोपाठची पाच चित्रे मिळून किती ठोके टिकतील?

३. १५० मिनिटांचा सिनेमा टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रे या वेगाने दाखवला, तर तो किती मिनिटे आधी संपेल? पात्रांच्या आवाजात काय फरक पडेल?

४. २४, २५ आणि ३० या तिन्ही चित्रगती हिसक्यांशिवाय दाखवील, असा एकच पडदा बनवायचा आहे. त्याचे ठोके कमीत कमी किती असावेत? (लसावि आठवा.)