संकेतस्थळांचे आकृतिबंध

पेडणे तालुक्यात चिऱ्यांची जुनी घरे पुष्कळ आहेत. एक घर दुसऱ्यासारखे नाही; तरीही परका माणूस कोणत्याही घरात शिरताना गोंधळत नाही. पुढे खळे, खळ्यात तुळस, मग पायऱ्या, सोपो, आत माजघर आणि मागे परसू. पावसात भिजून आलेल्या पाहुण्याने छत्री कोठे टेकावी आणि कोठे टेकावे, हे त्याला सांगावे लागत नाही. ही घरे बांधणाऱ्या मेस्तांजवळ ‘सोपो का हवा?’ या प्रश्नाचे उत्तर होते, आणि जागा, ऐपत व कुटुंब पाहून ते दर वेळी ते निराळ्या मापाने बांधीत.

वारंवार उद्भवणारी अडचण आणि तिच्यावरचा अनुभवसिद्ध तोडगा यांच्या जोडीला आकृतिबंध म्हणतात. हा शब्द आज संगणकशास्त्राचा विद्यार्थी रोज ऐकतो. पण कल्पना आली ती वास्तुशास्त्रातून. ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाने १९६४ च्या आपल्या ग्रंथात एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडून त्यांचे परस्परसंबंध तपासले होते. पुढे १९७७ साली त्याने सहकाऱ्यांसह ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शहरापासून खिडकीपर्यंत २५३ आकृतिबंध आहेत. प्रत्येकात आधी परिस्थिती, मग अडचण, तिची चर्चा, नंतर ‘म्हणून’ हा एक शब्द आणि त्याखाली तोडगा. सहा फुटांपेक्षा कमी रुंदीच्या सज्जाचा लोक फारसा उपयोग करीत नाहीत, असे एका आकृतिबंधात म्हटले आहे. कारण दोघातिघांना पाय पसरून, मध्ये लहानसे मेज ठेवून बसता येत नाही. आमच्याकडच्या नव्या सिमेंटच्या घरांतील अरुंद सज्जांवर कपडे वाळत असतात, माणसे बसलेली नसतात, ते यामुळेच असावे!

संगणकाच्या क्षेत्रात ही पद्धत केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ मध्ये आणली. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, त्यांचे पहिले पाच आकृतिबंध पडद्यावरील खिडक्यांच्या मांडणीविषयी होते, म्हणजे आपल्या विषयाच्या अगदी शेजारचे. १९९५ साली कनिंगहॅमने असे आकृतिबंध सर्वांना मिळून लिहिता यावेत म्हणून एक संकेतस्थळ उभारले. तेच जगातील पहिले ‘विकी’. २००२ साली तर केवळ संकेतस्थळांच्या आकृतिबंधांवर ‘द डिझाइन ऑफ साइट्स’ हा जाडजूड ग्रंथ निघाला.

एवढे सगळे असताना आपण काय करतो? आयता साचा उतरवून घेतो. वर सरकणारी चित्रे, खाली प्राचार्यांचा संदेश. माझ्या धाकट्या भावाच्या प्रवेशाच्या वेळी मी एका संस्थेचे संकेतस्थळ मोबाईलवर उघडून बसलो होतो. सूचना एका धावत्या ओळीत होती. वाचून होण्याआधीच ती पडद्याबाहेर जाई. शेवटी सापडला तो कागदाचा तिरका फोटो. त्यातील तारीख दोन दिवसांपूर्वीच टळून गेली होती. ज्याने ते बनविले त्याने काम केले नाही असे नव्हे. त्याने दुसऱ्याचा सोपो उचलून आणला, त्यामागचे ‘म्हणून’ मात्र आणले नाही.

मग आकृतिबंध शोधावा कसा? एकच चांगले संकेतस्थळ पाहून तो सापडत नाही. रेल्वेचे आरक्षण, बँक, वृत्तपत्र, ग्रंथालय अशी एकमेकांशी संबंध नसलेली ठिकाणे पाहावीत. तीच रचना तीन-चार जागी आढळली की थांबावे आणि विचारावे, ही नसती तर कोणाचे काय अडले असते? उत्तर देता आले नाही तर ती केवळ फॅशन समजावी. अर्ज भरताना चूक झाली तर सूचना त्याच रकान्याशेजारी दिसावी आणि बाकीचा भरलेला मजकूर पुसला जाऊ नये, हे या कसोटीला पूर्ण उतरते. ज्याने सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून एकच अर्ज तीनदा भरला आहे त्याला अधिक सांगणे नको.

काही आकृतिबंध इंग्रजी ग्रंथांत पुरेसे सापडणार नाहीत. ते आपले आपणच लिहावे लागतील. आपल्या या नियतकालिकाला मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. त्याचे संकेतस्थळ केले तर भाषा बदलण्याच्या बटनावर काय असावे? झेंडा उपयोगाचा नाही; दोन्ही भाषा एकाच देशाच्या. म्हणून प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे, आणि बटन दाबल्यावर वाचकाला मुखपृष्ठावर न फेकता त्याच लेखाच्या दुसऱ्या भाषेतील पानावर न्यावे. तसेच ओळींतील अंतर. रोमन लिपीसाठी बेतलेल्या अंतरात देवनागरीच्या वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. म्हणून ते थोडे वाढवावे.

आता वर सांगितलेल्या प्रसंगावरून मी लिहिलेला एक आकृतिबंध देतो. नाव: सूचनाफलक. परिस्थिती: वाचक घाईत आहे, हातात लहान मोबाईल आहे, डेटा संपत आला आहे. अडचण: त्याला एकच तारीख हवी आहे आणि ती इतर मजकुरात हरवते. म्हणून, मुखपृष्ठावर स्थिर अक्षरांची यादी ठेवावी. नवी सूचना वर असावी. शेवटची तारीख सूचनेच्या शीर्षकातच लिहावी. मुदत संपलेल्या सूचनेवर तसे स्पष्ट नमूद करून ती खाली सरकवावी, काढून टाकू नये. सहीशिक्क्याचा कागद हवा तर सोबत जोडावा, पण मजकूर टंकलेलाच असावा, म्हणजे तो शोधता येतो आणि अंधांच्या वाचनयंत्रालाही वाचता येतो.

अलेक्झांडर आपल्या आकृतिबंधांना तारे देत असे: पूर्ण खात्रीच्या तोडग्याला दोन, वाट सापडली असे वाटले तर एक, नाही तर एकही नाही. माझ्या सूचनाफलकाला मी सध्या एक तारा दिला आहे. एकाच दिवशी चाळीस सूचना निघाल्या तर यादीचे काय करावे, हे मला अजून सुटलेले नाही.