मी लहानपणी कशी होते?

मोठ्या झालेल्या मुलीने किंवा मुलाने ‘मला ऑटिझम असेल का? मी तपासून घ्यावं म्हणतेय’ असं घरात सांगितलं, की पहिल्या पाच मिनिटांत जी वाक्यं निघतात ती मला आता पाठ झाली आहेत. ‘काहीतरीच काय!’ ‘बारावीला ब्याण्णव टक्के काय उगीच मिळाले का?’ ‘हल्ली रील्स बघून प्रत्येकालाच काही ना काही झालेलं असतं.’ आजी घरात असतील तर मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतात. या सगळ्यांत आजींचं मला सगळ्यात कमी घातक वाटतं. त्या निदान नातीला काहीतरी होतंय एवढं तरी मान्य करतात.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. प्रौढांची तपासणी करते, आणि या कामात माझा बराचसा वेळ त्यांच्या आईवडिलांशी बोलण्यात जातो. म्हणून आज थोडं तुमच्याशीच.

ऑटिझम, म्हणजे आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, तो विसाव्या-पंचविसाव्या वर्षी ‘होत’ नाही. मेंदूची घडणच पहिल्यापासून तशी असते. त्यामुळे जगभर वापरल्या जाणाऱ्या २०१३च्या अमेरिकी निदान-निकषांत एक अट स्पष्ट आहे: लक्षणं लहान वयापासून असायला हवीत. रक्ताची तपासणी नाही, एमआरआय नाही, कुठल्याही यंत्रात हे दिसत नाही. आजचं वागणं-बोलणं आणि लहानपणची हकिकत, एवढ्यावरच सगळी भिस्त. आणि तीन वर्षांची असताना आपण कशा होतो, हे तुमच्या मुलीला आठवत नाही. ते तुम्हाला आठवतं.

म्हणून मी आयांना विचारते, ‘लहानपणी कशी होती?’ उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं. ‘अगदी शहाणी हो! कधी त्रास म्हणून दिला नाही.’ मग मी खेळाचं विचारते. ‘बांगड्यांचा डबा दिला की तासन्‌तास रंगांप्रमाणे लावत बसायची.’ एकटीच? ‘हो, कोणी हात लावलेला चालायचा नाही.’ हाक मारल्यावर? ‘तंद्रीच फार. चार हाका माराव्या लागायच्या.’ जेवणाचं? ‘भात वेगळा, आमटी वेगळी. कालवलं की ताट सरकवायची.’ गणपतीत? ‘ढोल-ताशे सुरू झाले की कपाटामागे. आम्ही हसायचो.’ कपडे? ‘फ्रॉकच्या गळ्याचं लेबल कापल्याशिवाय घालायचीच नाही.’ आई हे सगळं कौतुकाने सांगत असते. इकडे माझ्या कागदावर ओळींमागून ओळी भरत जातात.

आई खोटं बोलत नव्हती. ‘शहाणी’ हेही खरंच होतं. पण आपल्याकडे मूल रडलं नाही, मारामारी केली नाही आणि मार्क चांगले आणले की चौकशी तिथेच संपते. मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर डबा खातं, हा प्रश्न प्रगतिपुस्तकात नसतो. कधी कधी असतोही. जुन्या प्रगतिपुस्तकांतले शेरे मी आवर्जून मागवते. ‘हुशार आहे, पण वर्गात मिसळत नाही’ हा एक शेरा पहिलीपासून सहावीपर्यंत वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात दिसला, तर त्याचं मोल तुमच्या-माझ्या कुठल्याही मतापेक्षा जास्त आहे. बारशाच्या, वाढदिवसाच्या जुन्या सीडी असतील तर त्याही काढा. आत्या, मावशी, शेजारच्या काकू यांना विचारा. घरात तिला काय म्हणायचे तेही आठवा: घुमी, एककल्ली, शिष्ट, माणूसघाणी? मुलगा असेल तर ‘प्रोफेसर’? ही नावं सहज पडलेली असतात, पण पडायला काहीतरी कारण झालेलं असतं.

‘मग इतकी वर्षं कळलं कसं नाही?’ हा प्रश्न वडील जरा चिडूनच विचारतात. याचं उत्तर बऱ्याचदा तुमच्या घरातच असतं. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, कपडे काढून ठेवलेले, पाहुण्यांशी काय बोलायचं ते आई दारातच कानात सांगणार, भांडण झालं तर मिटवायला भाऊ. हा सगळा आधार तुम्ही न कळत उभा केलेला होता. मग पोरगी नोकरीला बंगळुरूला जाते. मोकळं ऑफिस, डोक्यावर ट्यूबलाइट, सतत बदलणाऱ्या मीटिंगा, रूममेटचे टोमणे, जे तिला टोमणे म्हणून कळतच नाहीत. आणि सहा-आठ महिन्यांत ती अंथरुणावरून उठेनाशी होते. निकषांमध्येही हे नमूद आहे, की बाहेरच्या मागण्या झेपण्यापलीकडे जाईपर्यंत लक्षणं पुरती उघड होत नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातात. मुली या युक्त्यांत फार तरबेज. मैत्रिणीचं हसणं, मालिकेतलं बोलणं उचलून त्या दिवस निभावतात. लग्नाच्या हॉलमध्ये सगळ्यांना वाकून नमस्कार करतात आणि पुढचे दोन दिवस खोलीचं दार बंद. तुम्हाला दिसतो तो नमस्कार.

यात डॉक्टरांचाही दोष आहे, तो त्यांच्या पदरात घालूया. लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये ज्या अकरा मुलांचं वर्णन केलं त्यांत आठ मुलगे होते. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी लिहिलं तेही मुलग्यांबद्दल. बोलणारी, शिकणारी, तरीही स्वमग्न असलेली माणसं असतात याकडे इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते लोर्ना विंग यांनी, १९८१मध्ये. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. अमेरिकी निकषांत अ‍ॅस्पर्गर हे निदान आलं १९९४मध्ये. तुमची मुलगी साधारण त्याच काळात किंवा जरा नंतर जन्मलेली. तालुक्याच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञांनी ‘उशिरा मोकळी होतात काही मुलं’ म्हणून परत पाठवलं असेल, तर त्यांना तरी कोणी शिकवलं होतं?

आयांच्या मनात याहून खोल एक काटा असतो: ‘मी नोकरी केली म्हणून झालं का? मी रागावायचे म्हणून?’ आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होतं असं एकेकाळी मोठमोठे लोक छातीठोकपणे सांगत. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ती कल्पना केव्हाच निकालात निघाली आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं ते असं, की यात सगळ्यात मोठा वाटा अनुवंशाचा आहे.

आणि अनुवंश म्हटला की मला वडिलांकडे बघावंसं वाटतं. ‘अहो, आमच्या घराण्यात सगळेच असे. माझे वडील कुणाच्या घरी पाणीही प्यायचे नाहीत. मलाही लग्नाकार्यात नको होतं. म्हणून आम्हाला काय आजार आहे?’ निदान नाकारायला म्हणून हे सांगितलं जातं. मी ते कौटुंबिक इतिहास म्हणून लिहून घेते. एका वडिलांना मुलीची प्रश्नावली वाचायला दिली होती. त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘हे तिच्याबद्दल आहे की माझ्याबद्दल?’ पन्नाशीनंतर स्वतःबद्दल असा प्रश्न पडला तर तोही रास्तच आहे. तपासणीला वयाची मर्यादा नसते.

आता दुसरी बाजू. प्रत्येक शंका खरी ठरत नाही. लोकांत वावरण्याची तीव्र भीती, एडीएचडी, ओसीडी, दीर्घ नैराश्य, लहानपणी बसलेला एखादा धक्का, या सगळ्यांचा चेहरा काही बाबतींत ऑटिझमसारखाच दिसतो. शिवाय यांतल्या दोन-तीन गोष्टी एकाच माणसात एकत्रही असू शकतात. इंटरनेटवर मिळणारी पन्नास प्रश्नांची एक्यू चाचणी केंब्रिजच्या संशोधकांनी २००१मध्ये प्रसिद्ध केली. ती चाळणी आहे, निकाल नाही. मुलीने ती सोडवून मोठा आकडा दाखवला, तर त्या आकड्यावर वाद घालू नका. कोणत्या प्रश्नांना तिने ‘हो’ म्हटलं ते विचारा. रील पाहून शंका आली असेल, तरी त्या रीलमधलं तिला जे टोचलं ते तिच्या स्वतःच्या अनुभवातूनच.

जायचं कुठे? मुलांच्या विकास केंद्रांत बहुधा लहान मुलंच पाहतात, तेव्हा फोनवर आधी विचारा, ‘प्रौढांचं निदान करता का?’ प्रौढांसाठी मनोविकारतज्ज्ञ, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. एका भेटीत, वीस मिनिटांत ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणाऱ्यापासून जरा दूरच राहा. ‘नजरेला नजर देते म्हणजे ऑटिझम नाही’ असं म्हणणाऱ्यापासूनही. ऑटिझम ‘बरा’ करणारं औषध नाही. चिंता, झोप, नैराश्य यांवर मात्र उपचार आहेत आणि ते घ्यावेत. स्टेम सेलच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोचतीलच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस करता येत नाही.

निदान वेगळं आणि सरकारी दाखला वेगळा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे, पण आरक्षणासारख्या सवलतींना किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व लागतं. ते ‘इसा’ नावाच्या चाळीस बाबींच्या भारतीय मापनपट्टीवर मोजतात. सत्तरच्या खाली गुण आले तर त्या पट्टीवर ऑटिझम धरत नाहीत. बोलणारी, नोकरी करणारी प्रौढ मुलगी अनेकदा या पट्टीत बसत नाही. म्हणून ‘दाखला मिळत नाही, मग निदान करून काय फायदा?’ हा हिशेब मांडू नका. कित्येकांना दाखला नकोच असतो. आपण आळशी किंवा खडूस नव्हतो, एवढं त्यांना कळलं तरी पुरे असतं.

स्थळाचा विषय तुमच्या मनात पहिल्या मिनिटापासून आहे, हे मला ठाऊक आहे. कोणाला, कधी सांगायचं हे ती ठरवेल, कारण ती सज्ञान आहे. एवढंच म्हणेन, की स्वतःला काय सोसत नाही हे माहीत असलेली मुलगी संसारात जास्त स्पष्ट बोलू शकते.

तपासणीच्या दिवशी आत यायचं की बाहेर थांबायचं, हे तिला विचारा. आत आलात तर तिच्या आधी उत्तर देऊ नका, सवय असली तरी. अहवाल आला की तिची इच्छा असेल तर तिच्याबरोबर वाचा. पहिला शब्द कधी, पहिलं पाऊल कधी, यांत चुका राहतात, त्या दुरुस्त करून घ्या. निकाल काहीही येवो, घरात काही गोष्टी आजपासून करता येतात. मिक्सर लावण्याआधी एक हाक द्या. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी सांगा. मामेभावाच्या लग्नाला यायचं का ते तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर मामांना काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा.