टिकाऊ पुलांसाठी कमी कार्बनचे काँक्रीट

५ जुलै १९८६ रोजी गोव्यात पणजीजवळचा मांडवी नदीवरील पूल कोसळला. त्याच्या बांधणीला दोन दशकेही लोटली नव्हती. काँक्रीटमधील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. खाऱ्या हवापाण्यात केवळ भक्कम काँक्रीट पुरेसे नसते, ते क्षारांना अभेद्यही असावे लागते, हा धडा या दुर्घटनेने दिला. आता त्यात आणखी एका अपेक्षेची भर पडली आहे. काँक्रीटने वातावरणावरचा भारही हलका करावा, ही ती अपेक्षा होय.

मूळ प्रश्न सिमेंटचा

सिमेंटचा मुख्य घटक क्लिंकर. चुनखडी व माती सुमारे १,४५० अंश सेल्सियस तापमानाला भाजून तो तयार होतो. भट्टीच्या इंधनातून कार्बन-डाय-ऑक्साइड निघतोच. शिवाय चुनखडीचे विघटन होताना तिच्यातील वायूही मुक्त होतो. एक टन क्लिंकरमागे केवळ या विघटनातून सुमारे अर्धा टन वायू बाहेर पडतो. म्हणून इंधन बदलून प्रश्न अर्धाच सुटतो. खरा उपाय म्हणजे क्लिंकरचे प्रमाण घटविणे.

राख, धातुमळी आणि भाजलेली माती

औष्णिक वीज केंद्रांतील फ्लाय ॲश आणि पोलाद कारखान्यांतील दाणेदार धातुमळी हे दोन पदार्थ क्लिंकरची जागा काही अंशी घेतात. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून निर्माण होणाऱ्या चुन्याशी राखेतील सिलिकाची क्रिया होते व नवे बंधक द्रव्य तयार होते. त्यामुळे काँक्रीटमधील सूक्ष्म छिद्रे आणखी बारीक होतात आणि क्षारांना पोलादापर्यंत पोहोचणे कठीण जाते. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख, तर धातुमळी सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत धातुमळी चालते.

तिसरा मार्ग अलीकडचा आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रसंस्था, क्यूबातील संशोधक आणि भारतातील आय. आय. टी. संस्था यांनी मिळून तो विकसित केला. या सिमेंटमध्ये सुमारे निम्मे क्लिंकर, ३० टक्के भाजलेली केओलिनयुक्त माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी व थोडे जिप्सम असते. माती ८०० अंशांच्या आसपासच भाजावी लागते. परिणामी कार्बन-डाय-ऑक्साइडचे उत्सर्जन सुमारे ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते. २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने या सिमेंटसाठी स्वतंत्र मानक जाहीर केले.

उच्च सामर्थ्याचा लाभ

‘एम-६०’ म्हणजे २८ दिवसांनंतर दर चौरस मिलिमीटरला ६० न्यूटन दाब सोसण्याची अपेक्षा असलेले काँक्रीट. सामर्थ्य वाढले की खांब व तुळया सडपातळ होतात आणि एकूण माल कमी लागतो. मात्र सामर्थ्यासाठी सिमेंटच ओतत राहणे हा मार्ग नव्हे. त्याने उष्णता वाढते, तडे जातात. पाण्याचे प्रमाण कमी ठेवून प्रवाहिता वाढविणारी रसायने वापरणे आणि खडी-वाळूची प्रतवारी नीट राखणे, यांतच कौशल्य आहे.

पाण्याचे दिवस

या काँक्रीटला एक पथ्य आहे. राख किंवा धातुमळी असलेले काँक्रीट हळूहळू सामर्थ्य मिळविते. साध्या सिमेंटच्या कामाला किमान ७ दिवस पाणी पुरते. येथे मानक किमान १० दिवस सांगते. घाईने पाणी बंद केल्यास पृष्ठभाग सच्छिद्र राहतो, हवेतील कार्बन-डाय-ऑक्साइड आत शिरतो आणि पोलादाचे संरक्षण लवकर ढळते. पोलादावरील काँक्रीटचा थर ठरल्याप्रमाणे आहे की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

गावच्या रस्त्यावरील छोट्या मोरीलाही हाच नियम लागू पडतो. पंचायतीच्या सदस्यांना प्रयोगशाळेची उपकरणे हाताळता आली नाहीत, तरी गोणीवर सिमेंटचा प्रकार व महिना कोणता, मिश्रणात वरून पाणी घातले जाते काय, ओले गोणपाट किती दिवस टिकते, हे त्यांना सहज पाहता येते. कार्बन वाचविण्याचे खरे परिमाण पुलाचे आयुष्य हेच आहे. दोनदा बांधावा लागणारा पूल कधीच स्वस्त नसतो, आणि स्वच्छही नसतो.