आधी मॉनिटर ठरव

पुणे

चि. ओंकार यास,


शिकवण्यांचे आणि आजोबांनी दिलेले मिळून 70,000 रुपये जमले, गेमिंगचा पीसी असेंबल करायचा आहे, पार्ट कोणते घेऊ, असं तू विचारलंस. याच पैशात लॅपटॉप घ्यावा असं तुझ्या आईचं म्हणणं आहे. मी मात्र तुझ्या बाजूने आहे. एवढ्या रकमेत डेस्कटॉपवर खेळ जास्त चांगले चालतात आणि काही वर्षांनी एखादा भाग बदलला की तेच यंत्र पुन्हा कामाला लागतं. लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड सहसा बदलता येत नाही.

म्हणूनच पुढे कोणता भाग सहज बदलता येईल आणि कोणता नाही, हे आधी ठरव. जो बदलता येईल त्यात आज खुशाल काटकसर कर. जो बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन बुडेल, त्यात मुळीच करू नकोस.

पहिला प्रश्न मॉनिटरचा. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात, 2560 बाय 1440 वर 36.9 लाख. म्हणजे मोठ्या रिझोल्यूशनसाठी कार्डाला प्रत्येक फ्रेममागे पावणेदोन पट काम. तुझ्या बजेटात ते परवडणारं नाही. 1080 चाच घे, पण 144 हर्ट्झचा. 60 हर्ट्झवर नवं चित्र साधारण 17 मिलिसेकंदांनी येतं, 144 वर सातांनी. व्हॅलोरंटसारख्या खेळात हा फरक हाताला जाणवतो.

मॉनिटर सोडून जे पैसे उरतील त्यातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त ग्राफिक कार्डाला दे. रेडिऑन आरएक्स 6600 हे 8 जीबीचं कार्ड 1080 साठी पुरेसं आहे आणि वीजही जेमतेम 132 वॉट घेतं. दुकानदार आरएक्स 6500 एक्सटी सुचवील. ते स्वस्त आहे, पण मेमरी 4 जीबी आणि मदरबोर्डाशी बोलायला चारच लेन, त्यामुळे सायबरपंकसारख्या खेळात दम टाकतं. नुसता जीबीचा आकडा पाहूनही भुलू नकोस. 2014 सालचं जीटी 730 आजही ‘4 जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणून विकलं जातं. ते गेमिंगचं कार्ड नव्हेच.

प्रोसेसर रायझन 5 5600 किंवा इंटेलचा आय-फाइव्ह 12400एफ. दोन्हींत सहा कोर, बारा थ्रेड. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. या रायझनमध्येही ते नाही. त्यामुळे कार्ड कधी वॉरंटीत पाठवावं लागलं तर तेवढे दिवस पीसी बंद, हे लक्षात ठेव.

इथे माझ्याच नियमाला थोडी मुरड घालते. 5600 ज्या एएम4 सॉकेटवर बसतो त्याचा काळ संपत आलाय, 2022 सालचा एएम5 पुढे जास्त चालेल. पण त्याला डीडीआर5 रॅम लागते, आणि एआयच्या डेटा सेंटरांमुळे 2025 च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेत. म्हणून दोन्ही संचांचं कोटेशन एकाच दिवशी घे. फरक दोन-तीन हजारांचाच असेल तर एएम5 घे, नाहीतर एएम4 घेऊन वाचलेले पैसे कार्डात घाल. रॅम 8 जीबीच्या दोन पट्ट्या घे, 16 ची एक नको. दोन पट्ट्यांनी ड्युअल चॅनल चालतं. त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. बायोसमध्ये एक्सएमपी सुरू कर, नाहीतर रॅम कमी वेगाने चालत राहील आणि तुला कळणारही नाही.

एनव्हीएमई एसएसडी सध्या 500 जीबीची घे. मदरबोर्डावर दुसरा एम.2 स्लॉट असला की झालं, पुढच्या वर्षी भर घालता येईल.

आता एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. याच्यासाठी मी तुझ्याशी भांडेन. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा लोकल एसएमपीएस घरात आणू नकोस. त्याच्यावर 450 वॉट छापलेलं असतं, पण लोड आला की तेवढी वीज तो धडपणे देईलच असं नाही, आणि जळताना मदरबोर्ड, कार्ड सगळं घेऊन जाऊ शकतो. 80 प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा, 550 वॉटचा ब्राँझ घे. तुझं कार्ड आणि प्रोसेसर मिळून दोनशे वॉटच्या आसपासच घेतील, हजार वॉटची गरज नाही. घरातल्या थ्री-पिनला अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घे.

तुझ्या नागपूरचा मे महिना विसरू नकोस. पुढून जाळी असलेलं कॅबिनेट घे, काचेचं बंद तोंड आणि रंगीत दिवे नकोत. आणि खोलीतल्या कूलरच्या झोतात पीसी ठेवू नकोस, ती हवा दमट असते.

ऑनलाइन दिसणारे ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ बहुधा ऑफिसातून निघालेली जुनी यंत्रं असतात. 2012 चा आय-सेव्हन 3770 विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सेकंडहँड कार्ड घ्यायचंच असेल तर सप्टेंबर 2022 नंतर क्रिप्टो मायनिंगमधून बाहेर पडलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली, एवढं ध्यानात घे. अर्धा तास लोडवर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. नव्याचं मात्र जीएसटी बिल घे, तेही सीरियल नंबरसकट. बिलाशिवाय स्वस्त देणाऱ्याकडून घेतलंस तर वॉरंटीच्या वेळी तू एकटाच उरशील.

जोडणी झाल्यावर मॉनिटरची केबल कार्डाला लाव, मदरबोर्डाला नाही, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 144 हर्ट्झ निवड.

पैसे भरण्याआधी कोटेशन मला पाठव. त्यात प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घे. ‘एसएमपीएस 550 वॉट’ एवढंच लिहिलेलं चालणार नाही.

तुझी,
मावशी