घरच्यासाठी धडा : घडीची ताटी



भावाभावांची वाटणी झाली की पुष्कळांच्या वाट्याला घराचे एक-दोन खणच येतात. त्यातच म्हातारी आजारी, लेक बाळंतपणाला आलेली, आणि पावण्यारावळ्यांची ये-जा चालूच. मग बाईमाणसानं लुगडं बदलायचं कुठं? आपण दोरीवर चादर टाकतो, ती वाऱ्यानं उडते. विटांची आडभिंत घातली तर मागं अंधार होतो. इगतपुरी-त्र्यंबककडचा कारवीचा कूड हवेशीर खरा, पण तोही जागचा हलत नाही. म्हणून आम्ही घडीची ताटी सुचवतो.

एका जुन्या नऊवारीत चार चौकटींची ताटी होते. सुताराकडून इंचभर जाडीच्या पट्ट्यांच्या चौकटी करून घ्याव्यात, साडेपाच फूट उंच, पावणेदोन फूट रुंद. लुगड्याचा पन्हा सुमारे चार फूट. तो उभा दुमडला की दुहेरी कापड बसतं आणि चुका मारायला कडेला थोडं उरतं. नऊ वार म्हणजे 27 फूट. चौकटींना लागतात 22. वर-खाली दुमडून, विरलेला हातभर तुकडा टाकून दिला तरी भागतं.

खरी गोम बिजागऱ्यांत आहे. पहिल्या जोडाला समोरून, दुसऱ्याला मागून, तिसऱ्याला पुन्हा समोरून. आमच्या पहिल्या ताटीला सगळ्या एकाच बाजूनं बसवल्या, तर घडीच होईना! प्रत्येक जोडाला तीन लावाव्यात.

ताटी सरळ उभी केली तर पडेल. नागमोडी ठेवावी. सरळ सात फुटांची ताटी अशी सहा फूट भरते, म्हणजे खाट झाकते. कापड जमिनीपासून चार बोटं वर संपवावं. सारवलेल्या जमिनीची ओल लागू नये म्हणून पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकावेत.

जपानात अशा ताटीला ब्योबू म्हणतात. शब्दाचा अर्थच वाऱ्याची आड. निफाडच्या थंडीत बाळंतिणीच्या खाटेला ती किती कामाची, हे आपल्याला सांगायला नको. मात्र शेगडी ताटीपासून चार हात लांब असावी, कापड लगेच पेट घेतं. धुरी देताना तर ताटी मिटूनच ठेवावी, नाहीतर धूर आतल्या आत कोंडतो.

आणखी एक. ताटी नजर अडवते, आवाज नाही. पलीकडं टीव्ही मोठ्यानं लावला, तर त्याला सुतार काय करणार?

लेक सासरी गेली की ताटी मिटून कपाटामागं सरकवावी. वीतभर जागासुद्धा लागत नाही.