वाटाड्याची बखर आणि खुलताबादच्या कबरी

आमच्या इतिहास मंडळाची सहल छत्रपती संभाजीनगर, दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ अशी एका दिवसात उरकण्यात आली. 'उरकण्यात' हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. बसमध्ये ड्रायव्हरशेजारी वाटाड्या बसला होता व त्याचे निवेदन बस हलण्यापूर्वीच सुरू झाले. बखरीसारखेच ते होते: रसाळ, ठाम आणि सनावळीविषयी बेफिकीर. बखर जशी आपण पारखून वाचतो, तसेच हे निवेदनही पारखून ऐकले पाहिजे, हे पहिल्याच थांब्यावर पटले.

पहिला थांबा बीबी का मकबरा. शाहजादा आजमशहाने आईसाठी ही वास्तू बांधली, असे वाटाड्याने सांगितले. बऱ्याच पुस्तकांतही हेच लिहिलेले असते. आता साधी वजाबाकी करून पाहावी. आजमशहाचा जन्म 1653 चा. त्याची आई दिलरसबानू बेगम 1657 मध्ये वारली. वास्तू साधारण 1660–61 ची मानली जाते. म्हणजे बांधणारा सात-आठ वर्षांचा! बांधकामामागे औरंगजेबच असावा, हे उघड आहे. दरवाजावर स्थपती अताउल्ला व हंसपतराय यांची नावे आहेत. ती वाचायला मात्र कोणी थांबले नाही. सगळे 'ताजची नक्कल' म्हणत फोटो काढण्यात गुंतले होते.

पाणचक्कीजवळ वाटाड्याने शहराचे सारे पाणी औरंगजेबाच्या खाती जमा केले. वस्तुतः 1610 मध्ये खडकी गावी हे शहर वसवले ते निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने, आणि त्याला पाणी देणारी नहर-ए-अंबरीही त्याचीच. पाणचक्कीची नहर वेगळी आणि नंतरची. अंबराचा मुलगा फतेहखान याने गावाला फतेहनगर म्हटले, तर औरंगाबाद हे नाव औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना 1653 मध्ये पडले. मूळ वसवणाऱ्याचे नाव असे दोनदा झाकले गेले.

दौलताबादचा किल्ला धावतपळत पाहून दुपारी खुलताबादला पोहोचलो. जुने नाव रौजा, म्हणजे कबरींचा बाग. मरणोत्तर 'खुल्दमकान' म्हणवल्या गेलेल्या औरंगजेबावरून ते खुल्दाबाद झाले. 1707 मध्ये अहमदनगरजवळ तो वारला व त्याच्या इच्छेप्रमाणे सूफी संत जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याला पुरले. कबर उघडी, वर छत नाही, मातीत सब्जा लावलेला; संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली. आजमशहाही याच आवारात आहे. समोरच्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात पहिला निजाम आसफजाह. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह हाही याच गावी, राजू कत्ताल यांच्या दर्ग्यात. 1687 मध्ये त्याचे राज्य औरंगजेबाने घेतले, दौलताबादेत त्याला कैदेत ठेवले, आणि शेवटी जिंकणारा व हरलेला एकाच वेशीआत आले.

औरंगजेबाच्या कबरीपाशी दहा मिनिटे दिली गेली. मग मी विचारले, "काका, मलिक अंबराची कबर कुठे?"

"गावाबाहेर आहे. ती आपल्या पॉइंटात नाही."

सरांनी ड्रायव्हरला चहाला पाठवून वीस मिनिटे मिळवली. आम्ही सात-आठ जण चालत गेलो. दगडी, घुमटाची, भारदस्त इमारत. जवळच त्याच्या पत्नीची लहान कबर. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनला आला, वजीर झाला, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि मोगलांना वर्षानुवर्षे अडवले. भातवडीच्या 1624 च्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. पहिल्या वर्षाच्या पेपरात यावर आम्ही चार ओळींची टीप लिहिली होती; मला त्यात पाचपैकी दोन गुण मिळाले होते, तेही बरोबरच होते म्हणा.

सरांनी भातवडीचे डावपेच सांगायला सुरुवात केली. लष्करखान, तलाव फोडून शत्रूच्या छावणीत सोडलेले पाणी... इतक्यात खालून बसचा हॉर्न वाजू लागला. वाटाड्या मात्र आमच्या मागोमाग वर आला होता. दारात उभा राहून तो ऐकत होता, आणि सर थांबले तसे त्याने विचारले, "साहेब, तो तलाव अजून आहे का?"